ज्येष्ठांचा दीर्घकालीन अभ्यास ‘लासी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये या विषयावर बोलायला जाते, तेव्हा भाषण वीस मिनिटांत संपतं आणि प्रश्न तासभर चालतात. उरलेले नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. आजी-आजोबांचे, त्यांच्या मुला-सुनांचे, एम.ए.ला प्रबंध लिहिणाऱ्या मुलांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. मी या प्रकल्पाची अधिकृत प्रतिनिधी नाही. सर्वेक्षणांच्या कामात उमेदवारी केलेली, आता निवृत्त बाई आहे.

१. लासी म्हणजे नेमकं काय?

‘लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ या लांबलचक नावातली आद्याक्षरं. भारतातल्या ४५ वर्षं आणि त्यापुढच्या माणसांचं आरोग्य, पैसा, काम, कुटुंब आणि मन यांचा हा अभ्यास. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिला सगळे आयआयपीएस म्हणतात. ती हार्वर्डचं सार्वजनिक आरोग्य विद्यालय आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यासोबत हे काम करते. पैसा मुख्यतः केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा, शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा.

२०१० मध्ये कर्नाटक, केरळ, पंजाब आणि राजस्थानात रंगीत तालीम झाली. पहिली खरी फेरी २०१७-१८ मध्ये, सिक्कीमचं काम मागाहून. पहिल्या अहवालात ७२,२५० माणसं आहेत, त्यातली ३१,४६४ साठीच्या पुढची. अहवाल ६ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. अभ्यासाची आखणी २५ वर्षांची आहे.

२. जनगणना होते, एनएफएचएस होतं. मग हे आणखी एक कशाला?

एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, हेही आयआयपीएसच करते. पण त्याचा मुख्य रोख १५ ते ४९ वयाच्या बायका आणि लहान मुलं यांच्यावर. सत्तरीच्या आजी त्यात घरातल्या माणसांच्या यादीत येतात, पण त्यांच्या गुडघ्याबद्दल त्यांना कोणी विचारत नाही.

त्याहून मोठा फरक असा, की एनएफएचएसच्या प्रत्येक फेरीत माणसं नवी असतात. लासीत त्याच माणसाकडे परत जायचं असतं. समजा, दोन सर्वेक्षणांतून कळलं की एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये उदास असणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. एकटेपणामुळे उदासी आली, की आधीच उदास, चिडचिड्या झालेल्या माणसापासून घरचे लांब गेले? दरवेळी नव्या माणसांना विचारत राहिलात तर हे सुटत नाही. तीच विठाबाई २०१७ मध्ये नवऱ्यासोबत कशी होती आणि तो गेल्यावर कशी आहे, हे शेजारी शेजारी ठेवलं तर काही हाती लागतं. बाकीच्या सगळ्या उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून ती इथेच सांगून टाकली.

३. ४५ म्हणजे काय वय आहे? मी काय म्हातारा झालो का?

नाही झालात. ज्या अभ्यासाच्या धर्तीवर लासी उभी राहिली, तो अमेरिकेतला अभ्यास १९९२ मध्ये ५१ ते ६१ वयाच्या लोकांपासून सुरू झाला. चीनने मात्र २०११ मध्ये ४५ हीच रेघ धरली. माणूस साठीला पोचल्यावर तिथून मोजायला लागलं, तर रक्तदाब केव्हा वाढला, ऊसतोडीचं काम केव्हा सुटलं, कर्ज केव्हा झालं हे सगळं आठवणीवर सोडावं लागतं. आणि आठवण लबाड असते.

जोडीदाराला वयाची अट नाही. नवरा ४८ चा आणि बायको ३९ ची असेल तर मुलाखत तिचीही होते.

४. सगळ्या आळीत आमचंच घर का? आम्हाला वेळ नाही, शेजारच्या काकांना विचारा ना.

घर तुमच्याकडे बघून निवडलेलं नसतं. ग्रामीण भागात आधी तालुके, मग गावं, मग घरं अशी निवड होते. शहरात वॉर्ड आणि जनगणनेचे गट असा एक टप्पा जास्त असतो. निवडलेल्या जागी घरांची यादी करतात आणि त्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निघतात. घर निघालं की त्यातले पात्र वयाचे सगळे जण येतात.

शेजारचे काका चालत नाहीत, कितीही हौशी असले तरी. हौशी माणूस बहुधा धडधाकट असतो, घरी सापडतो, बोलका असतो. अशाच माणसांनी यादी भरली तर देशातले म्हातारे फार मजेत आहेत असा निष्कर्ष निघेल. मी तरुणपणी एका वेगळ्याच सर्वेक्षणात काम करत होते. तिथल्या एका मुलाने उन्हाचा कंटाळा करून बंद घरांच्या जागी कोपऱ्यावरच्या दुकानात बसणारी माणसं भरली. पर्यवेक्षक फेरतपासणीला गेले तेव्हा पितळ उघडं पडलं आणि त्या गावाचे सगळे फॉर्म रद्द झाले.

नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहेच. पूर्ण मुलाखत नाकारा, नाहीतर एखादा प्रश्न सोडा. संमतीपत्र वाचून दाखवल्याशिवाय सुरुवात होत नाही. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो.

५. यात नाव गेलं तर श्रावणबाळचे पैसे बंद होतील का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि तो बहुतेकदा हळू आवाजात विचारला जातो. उत्तर: नाही. तुमची उत्तरं तहसील कार्यालयात जात नाहीत. संशोधकांना जी माहिती मिळते तीत नाव, पत्ता, फोन नसतो, फक्त क्रमांक असतो. उलटही तितकंच खरं. घरातली हलाखी वाढवून सांगितली म्हणून नवी योजना लागू होत नाही.

पण ओळखपत्र मागून बघायला संकोच करू नका. दारात आलेला माणूस ओटीपी, एटीएमचा पिन, पासबुकावरचा खाते क्रमांक मागू लागला तर तो सर्वेक्षणाचा माणूस नाही. अशा अभ्यासाला त्याची गरजच नसते. शंका आली तर गावात पोलीस पाटलांना, शहरात सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलवा आणि त्यांच्यासमोर विचारा.

६. काय काय विचारतात? वेळ किती जातो?

बराच जातो. एका बैठकीत संपेलच असं नाही, दुसऱ्या दिवशी उरलेलं करता येतं. घराबद्दलचा भाग वेगळा असतो: जमीन, कर्ज, खर्च, चूल की गॅस, संडास. मग प्रत्येकाचा स्वतःचा भाग: शिक्षण, आजार, दवाखाना, काम, पेन्शन, मुलं कुठे असतात, पैसे कोण कोणाला देतं, झोप लागते का, मन लागतं का.

शेवटी मोजमापं. उंची, वजन, कंबर, रक्तदाब तीनदा, नजर, फुंकर मारायचं फुप्फुसाचं यंत्र, मुठीची ताकद आणि चार मीटर नेहमीच्या चालीने चालणं. शेवटच्या दोन गोष्टींना लोक हसतात. पण मुठीची पकड आणि चालण्याचा वेग यांवरून पुढच्या काही वर्षांत माणूस परावलंबी होण्याचा धोका बराच कळतो, आणि दोन्हींना लागतो जेमतेम दहा मिनिटांचा वेळ.

७. बोटातलं रक्त घेतलं. ते कुठे गेलं? रिपोर्ट का नाही आला?

सुईने बोट टोचून रक्ताचे थेंब एका खास जाड कागदावर घेतात आणि वाळवतात. हे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे गेले. नावात एड्स आहे म्हणून दचकू नका. तिथली साठवणूक आणि तपासणीची सोय चांगली, एवढंच कारण. वाळलेल्या थेंबातून हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर असल्या गोष्टी बघता येतात.

रक्तदाब तुम्हाला जागच्या जागी सांगतात. कागदावरचा थेंब मात्र लॅबच्या रिपोर्टसारखा नसतो. तो संशोधनासाठी असतो. साखर तपासायची असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, याच्यावर विसंबू नका. रक्त द्यायचं नसेल तर तेवढंच नाकारून बाकीची मुलाखत देता येते.

८. आईला जन्मतारीख माहीत नाही. आधारवर १ जानेवारी आहे. काय सांगायचं?

जे आहे ते सांगा. तिच्या पिढीत १ जानेवारी आणि १ जून या तारखांना जन्मलेल्यांची एवढी गर्दी आहे, की त्या दिवशी गावोगाव बारशी व्हायला हवी होती. १ जून ही तर शाळेत घालताना मास्तरांनी दिलेली तारीख.

चांगला मुलाखतकार तारखेच्या मागे लागत नाही. तो घटनांचा धागा पकडतो. पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे जुलै १९६१ मध्ये, तुम्ही शाळेत होता का? कोयनेचा भूकंप झाला, डिसेंबर १९६७, तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर गेलात तेव्हा थोरला केवढा होता? ‘कडेवर होता’ म्हटलं की वय दोन-तीन वर्षांच्या अंतराने बसतं.

तरीही ६०, ६५, ७० या आकड्यांवर गर्दी होतेच. त्यातून महाराष्ट्रात २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत झाला. कागदावरच्या वयाला असा भाव आला की काही आजोबा घरात ७१ चे आणि बसमध्ये ७५ चे असतात. सर्वेक्षणाला खरं वय सांगा. कंडक्टरला ते कळत नाही (प्रश्न ५ पाहा).

९. सासूबाईंची मुलाखत चालू असताना मी तिथेच बसले होते. ते बरोबर होतं का?

खरं सांगायचं तर नाही. पण दोष तुमचा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तुम्ही जाणार कुठे? आणि परक्या माणसासोबत सासूला एकटं सोडलं तर तीच नंतर बोलेल.

काही प्रश्नांना मात्र आडोसा हवाच. पोटभर जेवायला मिळतं का, घरात कोणी टाकून बोलतं का, कोणी हात उगारला का. लासीच्या पहिल्या फेरीत साठीपुढच्यांपैकी सुमारे ५ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. वाईट वागणारा माणूस दाराआड उभा असताना किती जण खरं बोलले असतील? म्हणून मी हा आकडा ‘निदान इतका तरी’ असाच वाचते. अनुभवी मुलाखतकार अशा वेळी सुनेला चहा टाकायला सांगतात, नाहीतर दुसरा सहकारी तिला घराच्या प्रश्नांत गुंतवतो.

१०. वडिलांना नीट ऐकू येत नाही आणि ते विसरतात. मुलगा म्हणून मी उत्तरं दिली तर?

ऐकू येत नाही एवढ्याने नाही. मोठ्याने बोलून, समोर बसून त्यांनाच विचारतात. आजारपणामुळे किंवा स्मृती गेल्यामुळे माणूस उत्तर देऊच शकत नसेल तर घरच्या जवळच्या व्यक्तीकडून मुलाखत घेतली जाते. त्यातही मर्यादा आहे. वडिलांना मधुमेह आहे का हे तुम्ही सांगू शकता. त्यांना आयुष्य सफल वाटतं का, हे नाही. आणि स्मरणशक्तीची चाचणी तुम्ही त्यांच्या वतीने दिलीत तर ती तुमची होईल.

अशा माणसांना वगळू नये यासाठी हा खटाटोप. ज्यांची स्मृती गेली आहे तेच गळाले, तर उरलेल्यांची स्मृती उत्तम असणारच.

११. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिला पंचकोन काढायला दिला. ती नापास म्हणजे तिला स्मृतिभ्रंश?

हा प्रश्न एका मुलीने रागाने विचारला होता, आणि तो राग रास्त होता. जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचण्या शाळा शिकलेल्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून बनल्या आहेत. शंभरातून सात वजा करत जा, आज तारीख काय, हे चित्र बघून काढा. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिचा हात पंचकोनावर अडखळतो. तीच बाई बाजारात साडेतीन पाव मेथीचे पैसे तुमच्या आधी सांगते. तारीख विचारली तर गप्प राहते, पण एकादशीला किती दिवस उरले ते अचूक सांगते.

लासीच्या लोकांना याची जाणीव होती. म्हणून साठीपुढच्या ४,०९६ जणांचा एक खोलातला उपअभ्यास झाला. त्याचं नाव लासी-डॅड. त्यात निरक्षर माणसांनाही देता येतील अशा चाचण्या होत्या. शिवाय घरच्या माणसाची वेगळी मुलाखत होती: पूर्वी ज्या गोष्टी सहज करत होत्या त्यात आता बदल झालाय का? पैसे मोजणं, वाट ओळखणं, स्वयंपाकाचा क्रम. मग ती सगळी माहिती तज्ज्ञ डॉक्टरांनी ऑनलाइन तपासून एकमताने निर्णय दिला. त्यातून साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज निघाला. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त.

बायकांत जास्त का, याचं एक उत्तर शाळेच्या दारात आहे. मुलींना शाळेपासून दूर ठेवल्याची किंमत सत्तराव्या वर्षी वसूल होते. ती चाचणीत कमी गुण पडण्याइतकीच असते, की मेंदूलाही भोगावी लागते, हे वेगळं काढणं कठीण आहे. त्याच बाईला पाच-दहा वर्षांनी पुन्हा भेटलं तर तिचा आजचा आकडा तिच्याच कालच्या आकड्याशी ताडता येतो. तेव्हा शाळा मधे येत नाही. तुमच्या आईच्या बाबतीतही तेच बघा. पंचकोन सोडा, गेल्या दोन वर्षांत तिच्यात काय बदललं? बदल जाणवत असेल तर डॉक्टरांना दाखवा. एका चाचणीवरून निदान होत नाही.

१२. पहिल्या फेरीनंतर वडील वारले, आई पुण्याला भावाकडे गेली. आता आमचा संबंध संपला का?

आईचा नाही. म्हणूनच पहिल्या वेळी दोन-तीन नातेवाइकांचे फोन नंबर विचारतात. चौकशी करत माणूस जिथे असेल तिथे पोचायचा प्रयत्न असतो. वडिलांच्या बाबतीत, अशा अभ्यासांत शेवटच्या दिवसांविषयी घरच्यांशी बोलण्याची पद्धत आहे: आजार किती दिवस, खर्च किती, सेवा कोणी केली. बोलणं जड जातं. पण शेवटच्या वर्षात घर किती कर्जात बुडतं हे दुसरीकडून कळणं अवघड आहे.

कितीही धावपळ केली तरी काही माणसं सुटतातच, आणि सुटणारी माणसं बाकीच्यांसारखी नसतात. घर विकून गेलेली, भाड्याच्या खोल्या बदलणारी, खूप आजारी. म्हणून नव्या फेरीत थोडी नवी माणसं भरतात आणि हिशेबात दुरुस्ती करतात. जुन्यांची जागा नवी माणसं घेत नाहीत, त्यांच्या शेजारी बसतात.

१३. वृद्धाश्रमातल्यांना विचारतात का?

निवड घरांमधून होते, त्यामुळे वृद्धाश्रम सुरुवातीच्या यादीत नसतात. ‘लासीनुसार वृद्धाश्रमात…’ असं काही कोणी पाठवलं तर पुढे ढकलू नका.

१४. मग निघालं काय? सगळे म्हातारे आजारी आहेत एवढंच ना?

मंत्रालयाने तेव्हा सांगितलेला आकडा होता, की ज्येष्ठांपैकी ७५ टक्के लोकांना एखादा तरी जुनाट आजार आहे. वर्तमानपत्रांनी तोच उचलला. मला बोलायचंय ते दुसऱ्या आकड्याबद्दल. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला. मुलं सांभाळत नसतील तर आईवडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. दहा वर्षांनी लासीने विचारलं, तेव्हा साठीपुढच्यांपैकी फक्त सुमारे १२ टक्के लोकांना हा कायदा माहीत होता. संघाच्या सभेत मी हात वर करायला सांगते तेव्हा खूप हात वर जातात, पण संघात येणारे म्हणजे पुन्हा हौशी माणसं (प्रश्न ४).

आजारांच्या आकड्यांत एक खोच आहे. ‘डॉक्टरांनी तुम्हाला मधुमेह असल्याचं कधी सांगितलंय का?’ असा प्रश्न असतो. जो डॉक्टरकडे गेलाच नाही तो ‘नाही’ म्हणतो आणि निरोगी ठरतो. केरळात आजार जास्त दिसतात, त्याचं एक कारण तिथे तपासणी जास्त होते. म्हणून तर बोटातला थेंब आणि रक्तदाबाचं यंत्र.

१५. आमच्या सातारा जिल्ह्याचा आकडा मिळेल का?

मिळणार नाही. आकडे देशाचे आणि राज्यांचे. मुंबईसारख्या महानगरासाठी पुरेशी घरं घेतली होती, साताऱ्यासाठी नाही. महाराष्ट्राच्या नमुन्यातून सातारकर वेचून टक्केवारी काढणं म्हणजे एका पंक्तीवरून गावजेवणाचा अंदाज करणं. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांवर आणखी वाचायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ अभ्यासात भारतातल्या सहा राज्यांपैकी एक महाराष्ट्र होता, आणि २०११ च्या सात राज्यांच्या ज्येष्ठ सर्वेक्षणातही होता.

१६. एम.ए.च्या प्रबंधासाठी डेटा हवा आहे. पैसे पडतात का? वेट लावलं नाही तर चालेल?

पैसे पडत नाहीत. आयआयपीएसकडे अर्ज करून, उद्देश लिहून मागायचा. वेट म्हणजे प्रत्येकाच्या उत्तराला लोकसंख्येतल्या वाट्यानुसार दिलेलं वजन. ते लावलं नाही तर चालत नाही. लहान राज्यांतून मुद्दाम जास्त माणसं घेतलेली असतात. वेट न लावता काढलेल्या देशाच्या सरासरीत लक्षद्वीप आपल्या वाट्यापेक्षा फार मोठं होऊन बसतं. आणि ४५ ला न पोचलेले जोडीदार आधी बाजूला काढा. ही चूक मी तपासलेल्या प्रबंधांत दरवर्षी सापडते.

१७. काही बाबतींत ८५ ची माणसं ७५ च्यांपेक्षा बरी दिसतात. म्हणजे पंच्याऐंशीनंतर तब्येत सुधारते?

सुधारत नाही हो. ज्यांची तब्येत वाईट होती ते पंच्याऐंशीपर्यंत पोचले नाहीत. उरलेले मुळातच चिवट. एकाच वर्षी वेगवेगळ्या वयाची माणसं रांगेत उभी केली की हा चकवा लागतो. तीच ७५ ची माणसं दहा वर्षं धरून ठेवली की कोण घसरलं, कोण गेलं आणि कोण टिकलं ते वेगवेगळं दिसतं (प्रश्न २).

१८. मी वर्षातले सहा महिने न्यू जर्सीला मुलीकडे असते. माझी गणती कुठे?

यादी करताना तुमचं नेहमीचं घर कोणतं धरलं यावर. इथलं धरलं असेल तर परत आल्यावर गाठतील. कायमच्या तिकडे राहायला गेलात तर तिथला अभ्यास वेगळा आहे, आणि तो इंग्रजी व स्पॅनिशमध्ये चालतो. मराठीत मुलाखत द्यायची असेल तर देवनारच्याच माणसांची वाट बघावी लागेल.

१९. गेल्या वेळी दहा शब्द वाचून दाखवले आणि मग आठवायला सांगितले. त्यातले चार मला अजून आठवतात. पुढच्या वेळी पाठ करून ठेवू का?

नका ठेवू. हे संशोधकांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. परत परत तीच परीक्षा दिली की माणूस सरावाने सुधारतो, आणि खरी घसरण त्या सरावाखाली झाकली जाते. म्हणून अशा अभ्यासांत शब्दांच्या वेगवेगळ्या याद्या ठेवतात. तुम्ही पाठ केलेले चार शब्द पुढच्या वेळी यादीत नसतीलच कदाचित, आणि सवयीने तेच म्हणून गेलात तर चुकीचे धरले जातील. आमच्या संघातल्या एका आजोबांनी मात्र सगळे दहा शब्द वहीत लिहून ठेवलेत. वही कुठे ठेवली ते त्यांना आठवत नाही.